पणजोबांच्या ट्रंकेत सापडलेला जर्मन क्रॉस आणि लंबगोल पत्रा अस्सल आहेत का, हे कसे ओळखावे?

मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीत लढलेल्या आपल्या पणजोबांच्या ट्रंकेत, मध्यभागी नाझी स्वस्तिक आणि खाली १९३९ असे वर्ष असलेला एक काळा क्रॉस व मधोमध फटी पाडलेला एक लंबगोल पत्रा सापडला, असे आपण लिहिले आहे. या वस्तू अस्सल आहेत का आणि त्यांच्यापासून संग्रह सुरू करता येईल का, हा आपला प्रश्न आहे. मी जर्मनीत राहतो आणि बरीच वर्षे अशा वस्तू पाहत, हाताळत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी एक विनंती: काहीही घासू नका. पितांबरी, चिंच किंवा लिंबू लावून चकाकी आणण्याचा मोह होईल, पण काळा रंग, चांदीवर चढलेली काळपट छटा आणि जस्तावरचा करडेपणा हाच वयाचा पुरावा असतो, आणि तो एकदा गेला की परत येत नाही.

आपला क्रॉस म्हणजे 'आयझर्नेस क्रॉइत्स', अर्थात लोहक्रॉस. प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याने तो नेपोलियनविरुद्धच्या युद्धात, १८१३ साली सुरू केला, आणि पुढे १८७०, १९१४ व १९३९ या वर्षी त्याचे पुनरुज्जीवन झाले. म्हणूनच १९३९च्या दुसऱ्या श्रेणीच्या क्रॉसच्या मागच्या बाजूला १८१३ हे वर्ष असते. वर फितीसाठी कडी असेल तर तो दुसऱ्या श्रेणीचा आणि मागे पिन असेल तर पहिल्या श्रेणीचा. अस्सल क्रॉस सहसा तीन भागांचा असतो: मध्ये ठशाने दाबलेला, काळा रंग दिलेला लोखंडी गाभा आणि त्याला पुढून-मागून धरणारी दाणेदार किनारीची चौकट, जिचे दोन अर्ध भाग डाख देऊन जोडलेले असतात. क्रॉस कडेवर उभा धरून भिंगातून पाहिल्यास या जोडाची बारीक रेघ दिसते. नक्कल बहुधा एकाच ओतकामातून निघालेली असते. तिच्यात आकड्यांच्या कडा बोथट असतात, हवेच्या बुडबुड्यांची सूक्ष्म भोके दिसतात आणि गाभा व चौकट यांच्यामध्ये फट अशी नसतेच. लोहचुंबक मधल्या भागाला चिकटला तर ते चांगले लक्षण आहे, मात्र काही अस्सल क्रॉसांचा गाभा लोखंडाचा नसतो, त्यामुळे केवळ चुंबकावरून निकाल देऊ नये.

कडीवर एखादा आकडा कोरलेला आहे का, तेही पाहा. तो कारखान्याचा क्रमांक असतो, उदाहरणार्थ ४ म्हणजे जर्मनीतल्या ल्यूडेनशाइड गावची 'श्टाइनहाउअर उंट ल्यूक' ही कंपनी. पुष्कळ अस्सल कड्यांवर काहीच नसते आणि नक्कल करणारेही आकडे ठोकतात, तेव्हा घडण आधी आणि आकडा नंतर, हा क्रम मी कधी सोडत नाही. फीत शाबूत असेल तर अंधारात तिच्यावर अतिनील दिवा धरावा. धागा निळसर पांढरा उजळला तर तो बहुधा युद्धानंतरचा आहे, मात्र अलीकडच्या पावडरीत धुतलेली जुनी फीतही तशीच उजळू शकते.

एका बाबतीत नवे लोक हमखास गोंधळतात. पश्चिम जर्मनीने १९५७ साली कायदा करून जुन्या सैनिकांना त्यांची पदके स्वस्तिक काढून वापरण्याची मुभा दिली. त्यामुळे मध्यभागी ओकची पाने आणि खाली १९३९ असलेला क्रॉस खोटा नसतो, पण युद्धकाळातलाही नसतो. तो युद्धातला म्हणून कोणी विकत असेल तर तिथून उठावे.

बाजारातून घेणार असाल तर जखमी सैनिकांच्या बिल्ल्यापासून सुरुवात करणे मला योग्य वाटते. एक-दोन जखमांसाठी काळा, तीन-चारांसाठी रुपेरी आणि पाच किंवा अधिक जखमांसाठी सोनेरी अशी त्याची विभागणी होती. काळा बिल्ला पातळ पत्र्याचा, मागून पोकळ, आणि तो विपुल निघाल्यामुळे अस्सल नग आजही आवाक्यात मिळतो. याउलट, भारतीयांना सर्वाधिक भुरळ घालणाऱ्या आझाद हिंद पदकांपासून आणि झेप घेणाऱ्या वाघाच्या 'फ्राइस इंडियन' (म्हणजे 'स्वतंत्र भारत') बाहुपट्टीपासून सुरुवातीला दूर राहावे. ही बाहुपट्टी वापरणारी, उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय युद्धकैद्यांतून जर्मनीत उभारलेली फौज जेमतेम काही हजारांची होती, आणि मागणी मोठी असल्यामुळे नकला उदंड आहेत.

कायद्याविषयी थोडक्यात: जर्मनीत फौजदारी संहितेच्या कलम ८६अ नुसार नाझी चिन्हांचे जाहीर प्रदर्शन गुन्हा आहे, शिक्षण व संशोधनाला सूट आहे, म्हणूनच इथल्या जुन्या बाजारांत विक्रेते स्वस्तिकावर कागदाचा तुकडा चिकटवतात. ट्रंकेत काडतूस किंवा बॉम्बचा भाग निघाला तर हात न लावता पोलिसांना कळवा.

आता तो लंबगोल पत्रा, ज्याच्याविषयी आपण एकच वाक्य लिहिले आहे, पण जो मला क्रॉसपेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो. ती जर्मन सैनिकाची ओळखपट्टी आहे. तिच्या दोन्ही अर्ध्यांवर तोच मजकूर ठोकलेला असतो: पट्टी देणाऱ्या तुकडीचे संक्षिप्त नाव, सैनिकाचा क्रमांक आणि बहुधा रक्तगट, नाव नसते. सैनिक पडला की फटींच्या रेषेवर पट्टी मोडून खालचा तुकडा नोंदीसाठी नेत आणि वरचा मृतदेहाबरोबर ठेवत. आपली पट्टी अखंड आहे, म्हणजे ती युद्धकैद्याकडून आलेली असू शकते किंवा ज्याची नोंद कधी झालीच नाही अशा माणसाची असू शकते. फ्लोरेन्स आणि बोलोन्याच्या दरम्यान फुटा खिंडीत तीस हजारांहून अधिक जर्मन सैनिक पुरलेले आहेत, आणि त्यांतल्या अनेकांच्या दगडांवर नाव नाही. या पट्ट्यांच्या याद्या बर्लिनच्या जुन्या सैनिक-नोंदणी कार्यालयात होत्या. ते कार्यालय २०१९ पासून जर्मन संघराज्याच्या अभिलेखागारात, म्हणजे बुंडेसआर्किव्हमध्ये, विलीन झाले आहे. तुकडी आणि क्रमांक कळवल्यास, संबंधित यादी टिकली असेल तर नाव निघू शकते.

म्हणून पट्टी विकू नका. दोन्ही बाजूंचे तिरप्या उजेडातले फोटो, ठोकलेला मजकूर अक्षरशः उतरवून, आणि पणजोबांची पलटण, इटलीतला काळ व घरात ऐकलेली हकिगत, हे सारे एकत्र करून तिकडे पाठवा. मूळ पट्टी मात्र मागितल्याशिवाय टपालात टाकू नका.