नोशनमध्ये येत्या रॉकेट उड्डाणांची यादी आपोआप कशी भरावी? प्रोग्रामिंग येत नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: इस्रो, स्पेसएक्स आणि इतरांच्या येऊ घातलेल्या उड्डाणांची यादी नोशनमध्ये (नोंदी आणि याद्या ठेवायचं अ‍ॅप) आपोआप भरत राहावी, एन-एट-एन (ठोकळे जोडून कामं आपोआप करवून घेणारं साधन) वापरायची तयारी आहे, पण प्रोग्रामिंग येत नाही. तर हे जमेल का, की आधी पायथन शिकावं लागेल?

जमेल. पायथन नको. माझ्याकडे हेच बरेच दिवस चालू आहे आणि त्यात कोडची एक ओळ नाही. माहिती आणून नोशनमध्ये ओतणं हे तासाभराचं काम आहे. खरा वेळ खातात त्या तारखा, म्हणून बाकीचं पटकन उरकतो.

माहिती ‘लाँच लायब्ररी २’ या एपीआयवरून घ्या. एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे माहिती मागायची खिडकी. ‘द स्पेस डेव्हज’ नावाचा गट ती चालवतो, जगभरची उड्डाणं तिथे असतात आणि किल्लीशिवाय तासाला १५ वेळा विचारता येतं. जुन्या व्हिडिओंमध्ये स्पेसएक्सची एक अनधिकृत एपीआय दाखवतात. तिच्या वाटेला जाऊ नका, २०२२ नंतर ती अद्ययावत झालेली नाही. एन-एट-एनमध्ये नासाचा तयार नोड (एकेक काम करणारा ठोकळा) दिसेल आणि मोह होईल. पण त्यात रोजचं खगोलचित्र, पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रह असलं मिळतं, उड्डाणांचं वेळापत्रक नाही.

नोशनच्या बाजूला एक इंटिग्रेशन (बाहेरच्या साधनाला आत येण्याची परवानगी) तयार करून त्याची गुप्त किल्ली एन-एट-एनमध्ये टाकायची. मग ज्या यादीत उड्डाणं भरायची ती, म्हणजे नोशनच्या भाषेत डेटाबेस, उघडून ‘कनेक्शन्स’मध्ये ते इंटिग्रेशन जोडायचं. हे दुसरं सगळे विसरतात. मग डेटाबेस डोळ्यांसमोर असूनही ‘सापडत नाही’ अशी त्रुटी येते आणि माणूस किल्ली चार वेळा बदलत बसतो.

आता वर्कफ्लो, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या नोडांची साखळी. माझा पहिला अगदी सरळ होता: शेड्यूल ट्रिगर दर सहा तासांनी, मग एचटीटीपी रिक्वेस्टने पुढची दहा उड्डाणं मागवायची, स्प्लिट आउटने ती सुटी करायची आणि नोशनच्या नोडने प्रत्येकाचं पान तयार करायचं (डेटाबेसची प्रत्येक ओळ म्हणजे एक पान). पहिल्यांदा चालवलं तेव्हा दहा ओळी अशा सुरेख उमटल्या की मी घरच्यांना बोलावून दाखवल्या. मग चार दिवस गावाला गेलो. परत आलो तर १६० ओळी, आणि उड्डाणं मोजली तर अकरा. दिवसाला चार वेळा तीच दहा पानं नव्याने बनत होती. यात कोणाची चूक नाही, मी ‘तयार कर’ म्हटलं होतं आणि ते तयार करत होतं.

म्हणजे उड्डाण यादीत आधीच आहे का हे आधी ओळखायला हवं. नावावरून ओळखावं म्हटलं, तर नावं मध्येच सुधारली जातात. तारखेवरून तर नाहीच. चांद्रयान-२ आठवा. १५ जुलै २०१९ ला पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी निघायचं होतं, ५६ मिनिटं आधी थांबवलं आणि २२ जुलैला दुपारी २:४३ ला उडालं. तारखेवर भरवसा ठेवणाऱ्या यादीत ही दोन वेगळी उड्डाणं झाली असती. लाँच लायब्ररीत प्रत्येक उड्डाणाला स्वतःचा आयडी असतो आणि उड्डाण पुढे ढकललं तरी तो तोच राहतो. नोशनमध्ये त्यासाठी एक मजकुराचा रकाना करा. हवं तर लपवून ठेवा, पण तो असलाच पाहिजे.

मग ‘कंपेअर डेटासेट्स’ हा नोड आणा. माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत कामाचा आणि सर्वांत दुर्लक्षित नोड हाच. त्याच्या ए बाजूला एपीआयकडून आलेली यादी, बी बाजूला नोशनमधून वाचलेल्या ओळी, आणि जुळवणी आयडीवरून. त्यातून चार वाटा निघतात. फक्त ए मध्ये असेल ते नवं उड्डाण, पान तयार करा. दोन्हीकडे असून फरक असेल तर ते पान अपडेट करा. सारखं असेल तर काही करू नका. फक्त बी मध्ये असलेल्यांनाही हात लावू नका. ते उड्डाण झालेलं असेल किंवा पुढे सरकून पहिल्या दहातून बाहेर पडलेलं असेल. इथे मी ‘काढून टाक’ लावलं होतं, आणि हातांनी लिहिलेल्या टिपणांसकट पानं कचऱ्यात गेली. नोशनच्या ट्रॅशमधून परत आणली म्हणून बरं.

तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंना ‘एडिट फील्ड्स’ लावून मोजकीच फील्ड ठेवा आणि त्यांची नावं दोन्हीकडे सारखी करा. नोशनच्या पानाचा आयडी मात्र सोबत राहू द्या. तो तुलनेतून वगळायचा, पण अपडेटसाठी लागतो. आणि एक युक्ती, जी शोधायला मला दोन रविवार लागले: एपीआयने दिलेली वेळ जशीच्या तशी एका मजकुराच्या रकान्यातही साठवा आणि तुलना त्या रकान्याशी करा. तारखेच्या रकान्यात घातलेली वेळ नोशन परत देताना वेगळ्या पद्धतीने लिहून देतं. क्षण तोच, पण अक्षरं वेगळी, त्यामुळे नोडला दर वेळी सगळंच बदललेलं दिसतं.

एपीआयच्या या वेळा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ) असतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मी सुरुवातीला त्यातली पहिली दहा अक्षरं कापून नुसती तारीख घेत होतो. चांद्रयान-२ ची ती पहिली वेळ यूटीसीत १४ जुलैचे २१:२१ होते. म्हणजे कापलेली तारीख आपल्या तारखेच्या एक दिवस आधीची. तेव्हा पूर्ण वेळ द्या, नोशनच्या नोडमध्ये वेळेसकटचा पर्याय चालू करा आणि वर्कफ्लोच्या सेटिंगमध्ये कोलकात्याचा टाइमझोन निवडा. स्वतःच्या संगणकावर चालवलेलं एन-एट-एन काही न सांगितल्यास न्यूयॉर्कची वेळ धरतं.

हे सगळं झाल्यावर माझ्या यादीत एक मजा दिसू लागली. जगातली निम्मी रॉकेटं महिनाअखेरीला पहाटे साडेपाच वाजता उडणार होती! कारण असं की एखाद्या उड्डाणाचा फक्त महिना ठरलेला असतो, तेव्हा एपीआय त्या महिन्याची शेवटची तारीख आणि यूटीसीचे शून्य वाजले असं भरून ठेवते. शून्य म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. मुळात त्या फील्डचं नावच ‘याच्या आधी नाही’ अशा अर्थाचं आहे, ‘या वेळी’ असं नाही. वेळ कितपत पक्की आहे हे सांगणारं फील्ड शेजारीच असतं. एक इफ नोड (अट तपासून वाट ठरवणारा) लावा: मिनिटापर्यंत पक्की असेल तरच तारखेच्या रकान्यात टाका, नाहीतर नुसता महिना मजकूर म्हणून लिहा आणि तारीख रिकामी ठेवा. उड्डाणाची स्थितीही सोबत घ्या, म्हणजे ‘पक्कं’ आणि ‘ठरायचंय’ यांना वेगळे रंग देता येतात.

जुळवाजुळव करताना ‘एक्झिक्यूट’ दाबत राहिलात तर तासाचे १५ प्रयत्न दहा मिनिटांत संपतील. पहिलं उत्तर आलं की ते ‘पिन’ करा, म्हणजे तिथेच धरून ठेवा, पुढच्या चाचण्या त्याच्यावरच चालतात. नंतर पिन काढायला विसरू नका, नाहीतर हातांनी चालवून पाहाल तेव्हा तीच दहा उड्डाणं दिसत राहतील. शेड्यूलवर आपोआप चालताना मात्र पिन वापरलं जात नाही.

एन-एट-एन स्वतःच्या संगणकावर डॉकरने (तयार प्रोग्राम पेटीबंद चालवणारं सॉफ्टवेअर) फुकट चालतं, पण लॅपटॉप मिटला की शेड्यूलही झोपतं. माझं एका जुन्या, स्क्रीन गेलेल्या लॅपटॉपवर चालतं. तसलं काही नसेल तर त्यांची क्लाउड सेवा आहे, पैसे देऊन. एवढ्याशा यादीसाठी मी ते देणार नाही.

आणि दर सहा तासांचं दर पाच मिनिटांवर आणू नका, मी तेही करून पाहिलं. ऐनवेळच्या बदलांमागे यादी धावू शकत नाही. ३० डिसेंबर २०२४ ला स्पेडेक्सचं (दोन उपग्रह अवकाशात जोडायचा इस्रोचा प्रयोग) उड्डाण ९:५८ वरून रात्री १० वर गेलं, जेमतेम दोन मिनिटं. गगनयानची चाचणी, २१ ऑक्टोबर २०२३ ची, सकाळी आठची होती. ती पावणेनऊपर्यंत लांबली, उलटगणती पाच सेकंदांवर थांबली आणि शेवटी दहाला उड्डाण झालं. असल्या दिवशी नोशनची खिडकी बंद करून मी इस्रोचं थेट प्रक्षेपण लावतो. यादी रात्री आपली आपण जुळून येते.