मेट्रिक पद्धत येऊन साठ वर्षं झाली, तरी आपण गुंठा, तोळा का सोडत नाही?

नका सोडू, माझी हरकत नाही. पण दोन वेगळी मापं एकच समजू नका. त्यापायी आमच्या घरात सख्ख्या भावांचा अकरा वर्षं अबोला होता.

सातबाऱ्यावर आमचं क्षेत्र 1 हेक्टर 62 आर. आजोबांच्या मागं वडिलांनी आणि धाकट्या काकांनी निम्मंनिम्म वाटून घेतलं, मधे बांध घातला. काकांचा हिशेब सरळ होता: आर म्हणजेच गुंठा, तेव्हा आपले 81 गुंठे. एका उन्हाळ्यात त्यांनी टेप लावला. भरले 80. "दादानं बांध सरकवला," असं ते चार माणसांत बोलले.

मी तेव्हा बारावीला. वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. गुंठा 33 बाय 33 फूट, म्हणजे 1089 चौरस फूट. आर 10 बाय 10 मीटर, म्हणजे 1076. दर आरमागं बारा-तेरा फूट कमी. 81 आरचे हजारावर जातात. तोच तुमचा गुंठा. म्हटलं, काका, आमची बाजूही मोजा, तिथंही 80च भरतील. "शिकलास म्हणून मला शिकवतोस?" म्हणाले आणि वही न बघताच उठले. वडीलही हट्टी. ज्याला संशय त्यानं मोजावं, एवढंच म्हणत राहिले. शेवटी सरकारी मोजणी झाली, दोन्ही हिस्से सारखे निघाले. तोवर वडील गेले होते.

आता तुमचं. कायदा 1956 सालीच झाला, सातबाराही हेक्टर-आरमध्येच असतो. पण जमिनीचा भाव घेणारा-देणारा दोघंही गुंठ्यानंच बोलतात, म्हणून गुंठा टिकला. तो आपला आणि मेट्रिक परकं, हे मात्र साफ चूक. आजचा गुंठा एकराचा चाळिसावा भाग आहे आणि 33 फूट म्हणजे इंग्रजांच्या 66 फुटी गंटर साखळीची निम्मी लांबी. तोळ्याचंही तेच: आज सराफाकडे 10 ग्रॅमला तोळा म्हणतात, जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. आजीच्या यादीतले पाच तोळे म्हणजे 58 ग्रॅम, 50 नव्हेत.

वाटणीपत्रात क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहा, गुंठे हवे तर पुढं लिहा. आणि भावावर आळ घेण्याआधी टेप बांधाच्या दोन्ही बाजूंना लावा. माझ्या वडिलांनी बांधाचा एक दगडही हलवला नव्हता.

आमचं रान सपाट आणि चौकोनी, म्हणून टेपनं भागलं. उताराचं किंवा वाकडंतिकडं असेल तर टेपवर जाऊ नका, मोजणीचा अर्जच करा.