वाचकांचे प्रश्न : दुसऱ्या वर्षाला नागपुरात आलो, राहायचं कुठे?

प्रश्न : मुलीचं बी.एस्सी.चं पहिलं वर्ष गोंडवाना विद्यापीठात झालं. आता नागपूर विद्यापीठाच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतेय. होस्टेलला जागा नाही म्हणतात. रूम धरमपेठ-शंकर नगरकडे घ्यावी की स्वस्त पडते म्हणून लांब? एजंट म्हणतो, अकरा महिन्यांचा करार आजच करून टाका. (एक आई, चंद्रपूर)

उत्तर : आधी एजंटला थांबवा. बदली होऊन आलेल्या विद्यार्थ्याने फी भरली म्हणून प्रवेश पक्का झाला असं होत नाही. जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट (विद्यापीठ सोडल्याचा दाखला), टीसी आणि इथल्या विद्यापीठाची एलिजिबिलिटी, म्हणजे पात्रतेची मान्यता, हे सगळं जुळून यावं लागतं. शिवाय पहिल्या वर्षाचे विषय आणि क्रेडिट इथल्या अभ्यासक्रमाशी जुळले नाहीत, तर राहिलेला पेपर वेगळा द्यावा लागू शकतो. त्याचे तास ज्युनिअर बॅचबरोबर, म्हणजे कदाचित सकाळी, आणि स्वतःचं प्रॅक्टिकल दुपारी. टाइमटेबल हातात येईपर्यंत रोज किती वेळा ये-जा करायची हेच ठाऊक नसतं. म्हणून पहिला महिना महिन्याच्या बोलीवर पीजी (पेइंग गेस्ट) घ्या. थोडं महाग पडेल, पण दोन महिन्यांचं डिपॉझिट अडकून बसण्यापेक्षा बरं.

होस्टेलचा नाद एवढ्यात सोडू नका. अर्ज देऊन वेटिंग लिस्टवर नाव लावा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. इंजिनिअरिंग-मेडिकलच्या फेऱ्या लांबतात तशी काही मुलं कॉलेज सोडून जातात आणि खाटा रिकाम्या होतात. तोंडी विचारून गेलेल्यांना त्या वेळी कोणी फोन करत नाही.

सिव्हिल लाइन्समध्ये सरकारी बंगले जास्त, भाड्याच्या खोल्या कमी. त्यामुळे अंतर किलोमीटरमध्ये न मोजता मेट्रोच्या हिशेबाने मोजा. शंकर नगर, एलएडी चौक किंवा सुभाष नगरहून ॲक्वा लाइनने सीताबर्डी, तिथे गाडी बदलून ऑरेंज लाइनवर झिरो माइल किंवा कस्तुरचंद पार्क. रूमपासून स्टेशन पायी दहा-बारा मिनिटांत असेल तर सुभाष नगरची स्वस्त खोलीही चालते. स्टेशनपर्यंत रोज ऑटो लागत असेल, तर भाड्यात वाचलेले पैसे ऑटोत जातात. एक लक्षात ठेवा, विद्यापीठाचा अमरावती रोडवरचा कॅम्पस मेट्रोवर नाही. पुढे एम.एस्सी. तिथे करायची असेल तर ही सगळी गणितं नव्याने मांडावी लागतील.

आता खरी मेख. तुम्ही रूम बघणार ऑगस्टमध्ये, पाऊस पडत असताना. तेव्हा नागपुरातली कुठलीही खोली गारच वाटते. उन्हाळी परीक्षा मात्र एप्रिल-मेमध्ये, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना. म्हणून चार गोष्टी आत्ताच बघून घ्या. वरच्या मजल्यावर थेट स्लॅबखालची खोली आणि पश्चिमेची भिंत उघडी, हा जोड टाळा; अशी भिंत रात्री दहालासुद्धा हाताला गरम लागते. कूलर बाहेरून खिडकीत बसेल का? खिडकीला पक्की जाळी असेल तर मालक ती कापू देणार नाही. समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला झरोका किंवा दुसरी खिडकी हवीच. नाही तर कूलरची ओल खोलीतच साचते आणि गादी चिकट होते. चौथं, कूलरच्या टाकीत पाणी कुठून भरायचं? तीन मजले बादल्या वाहून नेणं मेमध्ये कोणाच्याच्यानं होत नाही.

विजेचं रूम ठरवतानाच बोलून घ्या. साधा कूलर दोनशे वॅटचा धरला तर बारा तासांत 2.4 युनिट, महिन्याला 72. मालकाने सब-मीटर लावून युनिटला 12 रुपये सांगितले तर एकट्या कूलरचे 864 रुपये. पंखा, दिवा, चार्जर वेगळे. दर करारात लिहून घ्या आणि चावी घेतानाच मीटरच्या आकड्याचा फोटो काढा.

धरमपेठ-अंबाझरी पट्ट्यात तळमजला घेणार असाल तर 23 सप्टेंबर 2023 विसरू नका. त्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत पाणी शिरलं. मालक नवा रंग मारून ठेवतो. कपाटामागे, दाराच्या चौकटीच्या खालच्या टोकाला आणि स्विचबोर्डाच्या आत बघा. ओल तिथे लपत नाही. शेजारच्या किराणा दुकानात विचारलंत तर एका मिनिटात खरं कळेल.

प्रश्न : डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला नागपूरजवळच्या वानाडोंगरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला. मित्र म्हणतात शहरात राहा, क्लास-लायब्ररी जवळ. (एक विद्यार्थी, वर्धा)

उत्तर : पहिलं सेमिस्टर कॉलेजजवळच राहा. थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांची कॅप (केंद्रीय प्रवेश) फेरी उशिरा संपते, तोवर वर्ग सुरू होऊन गेलेले असतात आणि प्रॅक्टिकलच्या फाइली मागे पडतात. गणिताचा धक्काही बसतो. अशा वेळी संध्याकाळचे दोन तास रस्त्यात घालवणं परवडत नाही, आणि नोट्स देणारी मुलंही तिकडेच राहतात. मेट्रो लोकमान्य नगरला संपते. पुढे वानाडोंगरीपर्यंत शेअर ऑटो किंवा ‘आपली बस’ ही शहर बस, आणि सकाळी नऊला त्यात उभं राहायलाही जागा मिळत नाही.

तिकडची अडचण पाण्याची. वानाडोंगरी-डिगडोह महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर, त्यामुळे कित्येक इमारती बोअरवेल नि टँकरवर. नळाच्या तोटीवर पांढरा थर दिसला तर पाणी जड समजा. कूलरचं गवत त्याने दगडासारखं होतं आणि हंगामात दोनदा बदलावं लागतं. उन्हाळ्यात टँकरचे पैसे कोण देणार, हेही विचारून घ्या. मेसचे पैसे महिनाभराचे एकदम देऊ नका, आधी आठ दिवसांची कुपनं घेऊन जेवून बघा.

प्रश्न : मालक म्हणतो, भाडेकराराची नोटरी केली की झालं. चालेल का? मला राहण्या-जेवणाच्या मदतीच्या स्वाधार योजनेसाठी अर्जही करायचा आहे. (एक विद्यार्थी, यवतमाळ)

उत्तर : नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. ही गोष्ट मालकाला शांतपणे सांगितली की तोच बरेचदा तयार होतो. नोंदणी आता ऑनलाइन होते. लॉक-इन, म्हणजे ठरावीक मुदतीआधी रूम सोडता न येण्याची अट, काढून टाका, एक महिन्याची नोटीस ठेवा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना अनुसूचित जातीच्या, सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. नागपूरला वर्षाला 60,000 रुपये : भोजन 32,000, निवास 20,000, निर्वाह 8,000. पैसे हप्त्यांनी आणि उशिरा येतात, तेव्हा पहिल्या तीन-चार महिन्यांचं भाडं त्यावर धरू नका. अर्जातला पत्ता आणि भाडेकरारावरचा पत्ता अक्षरशः एकच ठेवा. मध्येच रूम बदलली तर समाजकल्याण कार्यालयात नवा करार लगेच नेऊन द्या.