'अपरिपक्व कीटक' की डिंभ की नुसती अळी?

प्रश्न असा आलाय की कीटकांच्या वर्गीकरणावरचा लेख मराठीत आणताना 'इमॅच्युअर इन्सेक्ट'ला 'अपरिपक्व कीटक' म्हटलं तर चालेल का, की सरळ 'अळी' लिहावं?

सरसकट 'अळी' नका लिहू. अळी म्हटली की कोशात जाणारी जात आली, म्हणजे फुलपाखरं, भुंगे, माश्या वगैरे. टोळ किंवा ढेकूण कोश करतच नाहीत, अंड्यातून जे निघतं ते जवळजवळ मोठ्यासारखंच दिसतं, फक्त पंख नसतात आणि ढेकणाला तर मोठेपणीही नसतात. त्यांना आपण पिल्लूच म्हणतो, शेतीच्या सल्ल्यांत 'पिल्ले व प्रौढ रस शोषतात' असं असतं ना, तेच.

'अपरिपक्व' मला खटकतो, कच्चं फळ आठवतं, जणू पिकेपर्यंत बघण्यासारखं काही नाही. पण वर्गीकरणात ही 'कच्ची' मंडळीच कधीकधी जास्त बोलतात. सॉफ्लाय घ्या, नावात माशी पण गण मुंग्या-मधमाश्यांचा, तिची अळी हुबेहूब फुलपाखराच्या अळीसारखी, मराठीत दोन्ही 'अळी'च. मग ओळखायचं कसं? पोटाखालचे मऊ बुटके पाय मोजा. फुलपाखराच्या अळीला जास्तीत जास्त ५ जोड्या, सॉफ्लायच्या अळीला बहुधा ६ किंवा जास्त. म्हणजे दिसणं सारखं पण घराणं वेगळं. उलटंही होतं, प्रौढ दिसायला सारखेच म्हणून अ‍ॅस्ट्राप्टेस फुल्जरेटर नावाचं एकच फुलपाखरू समजत होते, कोस्टा रिकात त्याच्या अळ्यांचे रंग वेगळे, खायची झाडं वेगळी, डीएनए पाहिला आणि २००४ साली निबंध आला की या एका नावाखाली १० जाती आहेत! आणि वंशावळीवरून वर्गीकरण करायच्या पद्धतीचा पाया घालणारा विली हेनिग, त्याचा १९४८ ते १९५२ मधला तीन भागांचा ग्रंथ माश्या-डासांच्या लार्व्हांवरच, म्हणजे अळ्यांवरच आहे.

गंमत म्हणजे लॅटिनमध्ये 'लार्व्हा' म्हणजे भूत किंवा मुखवटा. लिनियसने तो शब्द कीटकांना लावला तेव्हा कल्पना अशी की खरं रूप आत लपलंय, प्रौढ झाला की 'इमॅगो' म्हणजे प्रतिमा बाहेर येणार. वरच्या फुलपाखरांच्या बाबतीत मात्र मुखवटा प्रौढांनीच घातला होता म्हणायचं.

विश्वकोशात लार्व्हाला 'डिंभ' आहे, संस्कृतात त्याचा अर्थ लहान मूल (आणि मूर्खसुद्धा, पण ते सोडा). मी तुमच्या जागी असतो तर कोश करणाऱ्यांना डिंभ, बाकीच्यांना पिल्लू, आणि दोन्ही एकत्र असतील तिथे 'अप्रौढ अवस्था' लिहिलं असतं, त्यात कच्चेपणा येत नाही, फक्त प्रौढ नाही एवढंच कळतं. सुरवंट मात्र केसाळ अळीलाच ठेवा, गुळगुळीत अळीला सुरवंट म्हटलेलं वाचलं की माझ्याच अंगाला खाज सुटते.