घरातल्या रोजच्या कामांत फोटो आणि छोट्या कथा कशा शोधायच्या?

तुमचा प्रश्न असा : गोव्यातल्या घरी आजी, आई, मुलं सगळी एकत्र आहेत, हातात मोबाइल आहे, तरी फोटो निघतात ते रांगेत उभं राहून हसणारेच. घरातलं जगणं त्यांत का येत नाही?

बहुतेक घरांत काम संपल्यावर मोबाइल बाहेर निघतो, म्हणून. चवथीला (गणेशचतुर्थीला) भरलेली माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधलेली चौकट, आणि ताटातल्या नेवऱ्या (करंज्या) यांचे फोटो सगळ्यांकडे असतात. माटोळी बांधताना खालून फळं कोण देतं, स्टुलावर कोण चढतं, गाठ सुटली की कोण ओरडतं, हे मात्र कुणाकडेच नसतं. एकच काम निवडा आणि सुरुवातीपासून आवरासावर होईपर्यंत तिथेच बसा. सुरुवातीला सगळे तुमच्याकडे बघतील, बघू द्या. 'इकडे बघ' तेवढं म्हणू नका. थोड्या वेळाने हात कामाला लागतात आणि मोबाइल विसरला जातो.

नेवऱ्या करताना दारातून पूर्ण खोली घ्या, मग परातीभोवतीची माणसं, मग हातभर अंतरावरून मुरड घालणारी बोटं. गप्पा रंगल्या की बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यावर कॅमेरा ठेवा. बोलताना तोंड अर्धवट उघडं येतं, ऐकणारा चेहरा स्थिर असतो. वाइड लेन्सने जवळून चेहरे काढू नका, नाक मोठं दिसतं आणि कडेची माणसं ताणली जातात. एक पाऊल मागे जाऊन २एक्स झूम वापरा.

सगळ्यात जास्त फोटो उजेडामुळे बिघडतात. खिडकीचा उजेड पुरेसा असेल तर आईला विचारून ट्यूब बंद करा. दोन रंगांचा प्रकाश मिसळला की एक गाल निळसर आणि दुसरा पिवळा येतो. दिवा लागणारच असेल तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (सेटिंग हाताने बदलता येतात तिथे) शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि शटर त्याहून वेगवान केलं तर फोटोवर आडवे पट्टे उमटतात. पुढच्या सोप्यावर (ओसरीवर) बसलेल्या माणसामागे अंगण झगझगीत असतं, म्हणून चेहरा काळा पडतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) लॉक होईल. मग ते किंचित खाली आणा. राजांगण (घराच्या मधलं अंगण) असेल तर तिथल्या ओट्यावरचा मऊ उजेड सोडू नका.

मे महिन्यात पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी साठवणीची) कामं चालतात, तेव्हा दुपारच्या उन्हात वाळत घातलेल्या सोलांचा (आमसुलांचा) फोटो सपाट येतो. सकाळी पसरताना आणि संध्याकाळी गोळा करताना तिथे थांबा. अवकाळी सर आली आणि सगळं घर धावलं, तर त्या दोन मिनिटांसाठी सलग फोटो काढणारा बर्स्ट मोड आहेच.

फोटो काढल्यावर त्याच रात्री दोन-तीन ओळी लिहा : तारीख, कोण कोण होतं, कोण काय बोललं. आजी कोंकणीत बोलली असेल तर ते शब्द जसेच्या तसे ठेवा, मराठी करू नका. मला हा भाग फोटोइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण नातवंडांना चेहरा ओळखता येईल, पण त्या दिवशीचं भांडण कशावरून होतं ते कळणार नाही. आणि कुणी 'हा नको' म्हटलं तर तो फोटो लगेच पुसा, नाहीतर पुढच्या वेळी ते माणूस तुम्हाला बघून सावध बसेल.

प्रिंट जरूर काढा. ४×६ इंचासाठी १२००×१८०० पिक्सेल पुरतात. स्टुडिओला व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साध्या फोटोचा आकार तिथे कमी होतो. चिकट पानांचा अल्बम टाळा. त्याचा गोंद पिवळा पडतो आणि नंतर प्रिंट सुटत नाही. कागदी कोपरे लावा, माहिती शेजारी पानावर लिहा आणि पावसाळ्यात अल्बम सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, तिथेच आधी बुरशी धरते.