मिक्स्ड मीडिया दागिन्यांच्या (धातू, काच, सूत असं वेगवेगळं एकत्र करून बनवलेल्या) एका दिवसाच्या कार्यशाळेवर पैसे घालवावेत का? यूट्यूबवर बघून जमणार नाही का?

जा. रेझिन, म्हणजे ओतल्यावर काचेसारखं कडक होणारं रसायन, ओतायला यूट्यूब पुरतं. पण आपली वस्तू पुढे करून ‘हिला इथे भोक पाडलं तर चालेल का?’ असं विचारायला समोर माणूसच लागतो.

माझ्याकडे बाबांचा गिरणीतला पितळी बिल्ला होता. ते साचेखात्यात, म्हणजे कापडाच्या मागांवर होते. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि बाबांना गिरणीने परत कधी बोलावलं नाही. बिल्ला तेवढा घरी राहिला. आधी लालबागच्या खोलीत देव्हाऱ्याखाली, मग दादाच्या कपाटात चाव्यांच्या डब्यात. आई गेल्यावर मी तो मागून आणला आणि गेल्या पावसाळ्यात माटुंग्याच्या एका कार्यशाळेत घेऊन गेले. सोबत आईच्या हिरव्या बांगडीचा तुकडा आणि थोडं सूत.

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आधी चिंचेने घासून लख्ख करा. मी नाही म्हटलं. बिल्ल्यावरच्या नंबरात बसलेला तो काळपटपणा बाबांच्या खिशातला आहे, तो मी धुऊन टाकणार नव्हते. त्यांना पटलं, फक्त कडा घासली. मग सुताला पाणी घातलेल्या फेविकॉलचे दोन हात दिले. कोरड्या सुतात रेझिन शिरलं की ते कायमचं ओलसर, गडद दिसतं आणि धाग्यांतली हवा बुडबुडे होऊन वर येते.

आमच्याकडे यूव्ही रेझिन, म्हणजे अतिनील दिव्याखाली झटपट कडक होणारं होतं, कारण दोन भाग मिसळायचं इपॉक्सी कडक व्हायला साधारण दिवस जातो. पण दिव्याचा उजेड पोचत नाही तिथे यूव्ही रेझिन कच्चं राहतं. मी जाड थर ओतला, सुताखाली चिकट राहिला. घरी खरवडून पातळ पातळ थरांत पुन्हा केलं. आता ते काचेसारखं आहे.

भाऊबीजेला दादाने ते माझ्या गळ्यात बघितलं आणि म्हणाला, “बाबांच्या बिल्ल्याला भोक पाडलंस?” मी विचारलं, “इतकी वर्षं तुझ्या कपाटात होता, नंबर सांग.” त्याला आला नाही. मला पाठ आहे. रोज लोकलमध्ये बोट त्यावरूनच फिरतं.

म्हणून सांगते, विकतचे मणी घेऊन कार्यशाळेला जाऊ नका. ते भुलेश्वरला ढिगाने मिळतात आणि ओवायला कुणी शिकवावं लागत नाही. घरातली वस्तू न्या. जपून ठेवतो म्हणणारे बहुतेक लोक ती फक्त बंद करून ठेवतात.

हातमोजे घाला, कच्चं रेझिन कातडीला बाधतं. मुंबईच्या घामाने पितळ हिरवं पडतं, तेव्हा मागून कापड किंवा चामडं लावा. सोन्याचं काही असेल तर तिथे नेऊच नका, पटवेकऱ्याकडून गाठवून घ्या. आणि वस्तूवर भावंडांचाही हक्क असेल तर आधी विचारणं रीतीचं आहे, हे मला मान्य आहे. मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर बिल्ला आजही चाव्यांच्या डब्यात असता.