बँकेने दुकानाचा १० लाखांचा विमा काढला आहे. त्या पॉलिसीतल्या शब्दांचा नेमका अर्थ काय?

तुमचा प्रश्न असा आहे: वडिलांचे तालुक्याच्या गावी कापडाचे दुकान आहे, बँकेने कॅश क्रेडिट खात्यातून हप्ता कापून १० लाखांचा विमा काढला आहे, आणि आता एजंट सांगतो की ‘प्रॉपर्टी’ झाले, ‘कॅशुअल्टी’ही घ्या. विमा रक्कम, अ‍ॅव्हरेज, एक्सेस, सब्रोगेशन या शब्दांचा अर्थ तुम्ही विचारला आहे, आणि शेवटी लिहिले आहे, ‘१० लाखांचा विमा आहे म्हणजे १० लाखांपर्यंतचे नुकसान मिळणारच ना?’ मी परभणी, हिंगोली आणि नांदेड भागात गेली एकोणीस वर्षे सर्वेअर म्हणून नुकसानीची पाहणी करतो. तुमच्या शेवटच्या वाक्यातला समज मी दर पावसाळ्यात कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकतो आणि दर वेळी मला त्याचे वाईट वाटते. म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो: नाही, मिळेलच असे नाही.

आपल्या मराठवाड्यात विमा म्हटला की माणसाच्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात, आयुर्विमा आणि पीकविमा, आणि दुकानाच्या विम्याच्या बाबतीत या दोन्ही सवयी आपली दिशाभूल करतात. आयुर्विम्यात जिवाची किंमत कोणी मोजत नाही. ठरलेली रक्कम वारसाला मिळते. २०१६पासून चालू असलेल्या पीकविमा योजनेत पीक कापणी प्रयोगांवरून महसूल मंडळाचे सरासरी उत्पन्न काढतात आणि ते उंबरठा उत्पन्नापेक्षा कमी आले तर मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना त्या प्रमाणात भरपाई मिळते, मग एखाद्याचे सोयाबीन थोडे बरे आलेले का असेना. दुकानाच्या विम्यात यातले काहीच नाही. तिथे तुमचे, फक्त तुमचे, प्रत्यक्ष झालेले नुकसान मोजले जाते आणि तुम्हाला नुकसानीच्या आदल्या क्षणी होता त्या आर्थिक स्थितीत आणून ठेवणे, त्याहून वर नाही, एवढेच कंपनीचे वचन असते. याला क्षतिपूर्तीचे तत्त्व म्हणतात. बाकीचे बहुतेक शब्द याच तत्त्वातून निघालेले आहेत, त्यामुळे हे एक मनात पक्के बसले की पुढचे अवघड राहत नाही.

विमा रक्कम म्हणजे कंपनी जास्तीत जास्त किती देईल याची मर्यादा. ती मिळणारी रक्कम नव्हे. आता अ‍ॅव्हरेज, म्हणजे सरासरीचे कलम, जरा सविस्तर सांगतो, कारण मी पाहिलेल्या दुकानदारांचे सर्वाधिक पैसे याच कलमात गेले आहेत.

काही वर्षांपूर्वी नाल्याकाठच्या एका कापड दुकानात मी पाहणीला गेलो होतो. रात्रभर पाऊस कोसळून नाल्याचे पाणी आत शिरले होते आणि ओसरताना भिंतीवर गुडघ्याच्या थोडी वर गढूळ रेघ सोडून गेले होते. रॅकच्या खालच्या दोन फळ्यांवरचे तागे भिजून दगडासारखे जड झाले होते. एक तागा मालकाने माझ्यासमोर उचलला तेव्हा त्यातून लाल रंगाचे पाणी गळत राहिले आणि शेजारच्या पांढऱ्या कापडावर पसरले. वरच्या फळ्या कोरड्या होत्या. मालकाच्या मते विषय सरळ होता: विमा १२ लाखांचा, नुकसान ५ लाखांचे, म्हणजे ५ लाख मिळणार. पण खरेदीची बिले, विक्री आणि जीएसटीची विवरणपत्रे जुळवल्यावर त्या दिवशी दुकानात २४ लाखांचा माल असल्याचे निघाले. विमा निम्म्याचाच होता. भिजलेल्या कापडाचे ८० हजार आले (अशा उरलेल्या मालाच्या किमतीला सॅल्व्हेज म्हणतात), ते वजा करून निव्वळ नुकसान ४ लाख २० हजार राहिले. त्याचे १२ भागिले २४ या प्रमाणात निम्मे झाले, २ लाख १० हजार. त्यातून एक्सेसचे, म्हणजे मालकाने स्वतः सोसायचे, १० हजार गेले आणि हातात आले २ लाख.

यामागचा विचार अन्यायाचा नाही, हे मी त्यांनाही सांगितले. निम्म्या मालाचा हप्ता भरणारा माणूस उरलेल्या निम्म्या मालापुरता स्वतःच स्वतःची विमा कंपनी असतो, म्हणून प्रत्येक नुकसानीत त्याचा वाटा निम्मा. मात्र हे त्यांना विमा काढतानाच कोणीतरी सांगायला हवे होते. बँकेने विमा कर्जाच्या मर्यादेइतका काढला होता, कारण बँकेला आपल्या कर्जाची काळजी होती. दुकानात माल किती, हे कोणी विचारले नाही. तुमचाही विमा बँकेनेच काढलेला आहे, म्हणून हे इतके लांबवून सांगितले. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेच्या छोट्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आली, आणि तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतचा कमी विमा माफ आहे. २० लाखांच्या मालाला १८ लाखांचा विमा असेल तर कपात होत नाही. १० लाखांचा असेल तर होते. माल धरायचा तो नुकसानीच्या दिवशीचा आणि खरेदीच्या किमतीचा, विक्रीच्या नव्हे. लग्नसराई आणि दिवाळीच्या आधी तुमचे दुकान भरलेले असते, तेव्हा विमा रक्कम त्या भरलेल्या दुकानाकडे पाहून ठरवावी किंवा तेवढ्या काळापुरती एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत बदलाची लेखी नोंद, घेऊन वाढवून घ्यावी.

एक्सेस म्हणजे प्रत्येक दाव्यात तुम्ही स्वतः सोसायची ठरलेली रक्कम. ती पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे तपशिलाच्या तक्त्यात, छापलेली असते.

आता विमेय हित. जी वस्तू गेल्याने तुमच्या खिशाला झळ बसते, तिचाच विमा तुम्ही काढू शकता. गाळा भाड्याचा असेल तर माल आणि फर्निचर तुमचे, इमारतीचा विमा मालकाचा. लातूरच्या किंवा उदगीरच्या मोंढ्यात आडत्याकडे शेतकऱ्यांची तूर, सोयाबीन पडून असते. तो माल आडत्याच्या मालकीचा नाही, पण त्याची जबाबदारी त्याच्यावर असते, म्हणून त्याने पॉलिसीत ‘विश्वासाने किंवा कमिशनवर ठेवलेला माल’ असा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा लागतो. तुमच्या दुकानात कोणाच्या साड्या फॉल-पिकोसाठी किंवा पसंतीवर विक्रीसाठी आलेल्या असतील, तर तुम्हालाही हाच नियम लागू होतो.

परम सद्भाव या जड शब्दाचा अर्थ इतकाच, की कंपनीला जोखमीचा अंदाज घेण्यासाठी जे माहीत असणे गरजेचे आहे, ते न विचारताही सांगायचे. दिवाळीत दुकानाच्या कोपऱ्यात फटाके ठेवत असाल किंवा मागच्या खोलीत रंगांची रसायने असतील, तर ते प्रस्ताव अर्जात लिहा, आणि एजंटने कोरा अर्ज पुढे केला तर सही करू नका.

निकटतम कारण हा शब्द मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण सर्वेअरचे अर्धे काम त्यातच असते. गारपिटीने पत्रे फुटले, त्या भोकांतून पाऊस आत आला आणि माल भिजला, तर कारणांची साखळी गारपिटीपासून अखंड आहे आणि दावा चालतो. पत्रे आधीपासूनच गंजून चाळणी झालेले असतील आणि दर पावसाला गळत असतील, तर तो देखभालीचा अभाव आहे. शॉर्ट सर्किटचेही असेच. ज्या उपकरणात शॉर्ट सर्किट झाले ते उपकरण सामान्यतः वगळलेले असते, पण त्यातून लागलेल्या आगीत जळालेला बाकीचा माल संरक्षित असतो. आग आणि चोरी यांचीही गल्लत करू नका. चोरीसाठी बर्गलरीचे वेगळे संरक्षण लागते आणि त्यात कुलूप, शटर किंवा भिंत फोडल्याची खूण दिसावी लागते. गिऱ्हाईक म्हणून आलेल्याने साडी पिशवीत घातली, तर ते त्यात बसत नाही.

सब्रोगेशन म्हणजे तुमच्या हक्काच्या जागी कंपनी उभी राहणे. समजा, ट्रक मागे घेताना दुकानाची भिंत पडली. तुम्हाला भरपाई दिल्यावर ट्रकमालकाकडून वसूल करण्याचा तुमचा हक्क कंपनीकडे जातो. इथे आपल्याकडची एक रीत फार महागात पडते. गावातली चार माणसे बसून ‘जाऊ द्या, आपसांत मिटवा’ म्हणतात आणि आपण स्टँपपेपरवर आता काही तक्रार नाही असे लिहून देतो. तेवढ्या एका ओळीने कंपनीचा वसुलीचा हक्क बुडतो आणि त्या कारणाने तुमचा दावा अडकू शकतो. दोन कंपन्यांकडे एकाच मालाचा विमा असेल तर दोघी मिळून नुकसान वाटून घेतात, दुप्पट कोणी देत नाही. याला अंशदान म्हणतात.

राहिला ‘कॅशुअल्टी’ हा शब्द. आपल्याला तो सरकारी दवाखान्याच्या दारावरच्या पाटीमुळे माहीत असतो, पण विम्यात तो मुख्यतः अमेरिकी वापरातून आला आहे आणि त्याचा गाभा आहे दायित्व, म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर ते भरून देण्याची कायदेशीर जबाबदारी. मालमत्ता विमा तुमची वस्तू भरून देतो. दायित्व विमा तुमच्या वतीने दुसऱ्याला देतो. आपल्या ओळखीचे उदाहरण म्हणजे गाडीची थर्ड पार्टी. विमाधारक पहिला पक्ष, कंपनी दुसरा, आणि ज्याला गाडी लागली तो तिसरा. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने हा विमा सक्तीचा आहे; त्यात मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला ठरावीक मर्यादा नाही, न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम कंपनी देते, तर दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी चारचाकीला मर्यादा साडेसात लाखांची आहे. तुमची स्वतःची गाडी मात्र थर्ड पार्टीतून दुरुस्त होत नाही. दुकानापुरते पाहिले तर तुम्ही मुख्यतः दोन दायित्वांचा विचार करावा: कामावरच्या माणसाला काम करताना इजा झाली, तर कायद्याने येणारी नुकसानभरपाईची जबाबदारी, आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला इजा झाली तर येणारी. तुमच्याकडे शिडीवर चढून माल काढणारी मुले असतील, तर एजंटचे म्हणणे मी उडवून लावणार नाही.

घराचा विचार करत असाल तर एवढे लक्षात ठेवा, की विमा बांधकामाच्या खर्चाचा असतो, जागेच्या किमतीचा नाही. ‘भारत गृह रक्षा’ या पॉलिसीत भूकंप धरलेला आहे आणि सरासरीचे कलम लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या भिंतींखाली काय झाले, हे आपल्या भागात कोणाला सांगावे लागत नाही, आणि तरीही मी पाहणीला जातो त्या दुकानदारांपैकी फार थोड्यांच्या घरांचा विमा असतो.

दावा करण्याची वेळ आलीच तर त्याच दिवशी कंपनीला कळवा, फोटो काढा, कोरडा माल ओल्यापासून लगेच वेगळा करा, आणि ओला माल सर्वेअर पाहेपर्यंत फेकू नका. विमा नसता तर माल वाचवायला जितकी धडपड केली असती तितकी करणे हे विमाधारकाचे कर्तव्यच आहे. सर्वेअरची फी कंपनी देते. त्याने तुमच्याकडे पैसे मागितले तर देऊ नका. निर्णय पटला नाही, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जा, आणि एक महिन्यात समाधान झाले नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात.

आता वडिलांना घेऊन बँकेत जा आणि पॉलिसीची पूर्ण प्रत मागून घ्या, फक्त हप्त्याची पावती नको. तीन ठिकाणी बोट ठेवून वाचा: विमा रक्कम, मालाचे वर्णन आणि पत्ता. पत्त्यावर जास्त वेळ द्या. मागच्या गल्लीत तुमचे गोदाम असेल आणि पॉलिसीत फक्त दुकानाचा घर क्रमांक असेल, तर गोदामातला एकही तागा विम्यात नाही. तसे आढळले तर गोदामाचा पत्ता जोडून घेण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या.